सेकंडचा टॉवेल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेल तपासते.
उजेडाच्या टेबलावर एकेक पसरायचा,
तळहात फिरवायचा, उलटा, सुलटा :
कुठे लूप सुटला, कुठे ताणा तुटला,
कुठे तेलाचा ठिपका.
चांगला तो जहाजाने जातो.
डागी तो डाव्या हाताला पडतो. सेकंड.
किलोवर विकतात. आम्हाला अजून स्वस्त.

वीस वर्षं झाली.
मंगळवार बाजारात वांगी घेतानाही
माझ्या बोटांना आधी कीड सापडते.

पवित्र गुरुवारच्या आधी पाळकसाहेबांचा निरोप आला :
"बारा जणांत यंदा तुझं नाव आहे, एस्तेर.
येताना टॉवेल आण. तुमच्याकडे काय कमी?"
आणला.
ढिगातला. कडेला तीन लूप सुटलेला.
देवळात कोण बघतंय उलटून,
असं म्हणत मी आजवर बरंच दिलं होतं :
रविवारचा उरलेला तास,
दानपेटीत चिकटपट्टी लावलेली नोट,
झोपेत शिरता शिरता आमेन.

एप्रिल. रात्रीसुद्धा भिंतीतून ऊन निघत होतं.
उमापसाहेब सत्तरीचे, गुडघे गेलेले.
बाकाला धरून, थांबत थांबत खाली बसले.
हाड वाजलं ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.
माझी टाच त्यांनी ओंजळीत घेतली.
मी पाय ओढला. "राहू द्या की, साहेब."
ते हसले. "पेत्रही हेच म्हणाला होता."
मग पुसू लागले, माझ्याच टॉवेलने,
आणि सुटलेला लूप
टाचेच्या भेगेत अडकला.
त्यांनी ओढला नाही.
नखाने हळूच सोडवला.

एवढंच झालं.

पण मला तो दुसरा टॉवेल दिसला,
कमरेला बांधलेला.
कोण पळणार, कोण तीनदा नाही म्हणणार,
सगळं ठाऊक असून
चोवीस टाचा पुसणारा. त्यात यहूदाच्याही दोन.
त्याने तपासलं नव्हतं का? तपासलं होतं.
त्याच्या तळहाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं.
तरी कुणालाच डावीकडे टाकलं नाही.
आणि दुसऱ्या दिवशी बापाने जे दिलं
ते ढिगातलं नव्हतं.
घरात एकच होतं. तेच दिलं.

घरी आले तेव्हा साडेनऊ.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
तो चौथा दिवस. पिंपात वीतभर पाणी.
भिंतीपलीकडे नरसव्वा, विड्या वळणारी,
साखरेने पाय सडलेला.
नळावरच्या भांडणानंतर दोन वर्षं बोलणं नाही.
तिच्या दारावरून जाताना मी नाकाला पदर लावायची.

पिंप तिरपं केलं.
मन म्हणालं, अर्धं ठेव. सकाळचा चहा, पोराची आंघोळ.
अर्धं ठेवण्यात मी हुशार.
अर्ध्यावरच तर देवाला वीस वर्षं गप्प बसवलं.
सगळं ओतलं, चुलीवर कोमट केलं,
आणि ट्रंकेतला टॉवेल काढला,
जहाजाचा, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेला.

"काय गं, पाणी मागायला आलीस?"
"नाही. पाय दे."
ती उंबऱ्यावर उभीच राहिली. मग बसली.
वाटीएवढी जखम. मला मळमळलं, खोटं कशाला सांगू.
प्रेम वगैरे काही दाटून आलं नाही.
हात मात्र थांबले नाहीत.
ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
शिवी असेल, देवाचं नाव असेल.

सकाळी ओठ कोरडे. पोरगं कुरकुरत शाळेत गेलं.
नरसव्वाच्या दोरीवर पांढरा टॉवेल वाळत होता,
मधोमध पिवळा डाग, धुऊनही न गेलेला.
सवयीने तळहात फिरवला.
कुठल्याच टेबलावर तो आता पास होणार नाही.